जायचं कशाला, ते एकदा खरं सांगा

प्रति,
जगातल्या अवकाशसंस्थांचे प्रमुख आणि अवकाशयानं बांधणाऱ्या कंपन्यांचे मालक यांस,

विषय : आपण वेळोवेळी देत असलेल्या कारणांबाबत

सप्रेम नमस्कार.

मी शास्त्रज्ञ नाही. रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसणारा आणि तुमच्या मोहिमांच्या बातम्या गेली चाळीस वर्षं न चुकता वाचणारा एक हौशी माणूस आहे. हे पत्र विरोधकाचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही अवकाशात जाता याचं मला बरंच वाटतं. माझी तक्रार निराळी आहे. कशासाठी जाता, या प्रश्नाचं तुमचं उत्तर समोर कोण बसलंय ते बघून बदलतं. अर्थखात्यासमोर रोजगार, सेनापतींसमोर उंचावरची मोक्याची जागा, गुंतवणूकदारांसमोर चंद्रावरची खनिजं, शाळकरी मुलांसमोर स्वप्नं. आणि हे सगळं पुरेनासं झालं की हुकमाचा पत्ता बाहेर पडतो : पृथ्वीचं काही खरं नाही, मानवजात वाचवायची तर दुसरं घर हवं. एकच माणूस दहा जणांना दहा कारणं सांगायला लागला की ऐकणाऱ्याला वाटतं, खरं कारण अकरावंच असणार.

यात बिघडलं काय, असं तुम्ही म्हणाल. पैसा मिळाला, यान उडालं, घोडं गंगेत न्हालं. बिघडतं ते असं, की मोहीम किती वर्षं तगणार हे तिच्या कारणावर ठरतं. कारण संपलं की मोहीमही संपते, मग ती कितीही यशस्वी झालेली असो.

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी व्हाइट हाउसमध्ये झालेल्या एका बैठकीचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. राष्ट्राध्यक्ष केनेडी आणि नासाचे प्रमुख जेम्स वेब बोलत आहेत. चंद्रावर जाण्याबद्दलचं केनेडींचं गाजलेलं भाषण होऊन जेमतेम दोन महिने झालेत. वेब सांगू पाहताहेत की फक्त चंद्रावर पाऊल टाकणं हे सर्वस्व मानू नका, अवकाशाची एकूण समज वाढायला हवी. त्यावर केनेडी साफ सांगतात, की रशियाच्या आधी पोहोचायचं हाच मुद्दा आहे. तो नसेल तर एवढा पैसा खर्चण्याचं कारण नाही, कारण मला स्वतःला अवकाशात तेवढा रस नाही. मला हे वाक्य आवडतं. त्यात लपवाछपवी नाही. (अर्थात ते बंद दाराआड बोललं गेलं आणि लोकांच्या कानावर यायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली, हा भाग सोडा.)

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९६६च्या सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातले चार टक्क्यांहून जास्त पैसे एकट्या नासाकडे जात होते. २० जुलै १९६९ला शर्यत जिंकली. आणि अवघ्या सहा महिन्यांत, जानेवारी १९७०मध्ये, अपोलो मालिकेतली शेवटची मोहीम रद्द झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी दोन. उडण्यासाठी बांधलेले सॅटर्न अग्निबाण आज संग्रहालयांत आडवे पडलेले आहेत. चंद्रावर एकूण १२ माणसं चालली. त्यांतले ११ पेशाने वैमानिक. बारावा, हॅरिसन श्मिट, भूवैज्ञानिक. तो गेला तो डिसेंबर १९७२च्या अगदी शेवटच्या मोहिमेत, अपोलो १७मध्ये. ज्याला तिथला दगड वाचता येतो असा एकमेव माणूस आपण पाठवला आणि पाठोपाठ दार लावून घेतलं. त्यानंतर अर्धं शतक उलटलं तरी तिथे कोणाचं पाऊल पडलं नाही. यंत्र बिघडलं म्हणून नाही की पैसा संपला म्हणूनही नाही. कारण पूर्ण झालं होतं, म्हणून.

असं याआधीही एकदा घडून गेलं आहे आणि तिकडे तुमचं लक्ष वेधणं हाच या पत्राचा खरा हेतू आहे. १४ डिसेंबर १९११ रोजी नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला. महिन्याभराने, १७ जानेवारी १९१२ला, ब्रिटनचा रॉबर्ट स्कॉट चार साथीदारांसह तिथवर गेला तर समोर नॉर्वेचा तंबू उभा. शर्यत संपली. आणि मग? मग ध्रुवावर ४४ वर्षं कोणी उभं राहिलं नाही. मध्ये १९२९ साली रिचर्ड बर्डचं आणि नंतर आणखी काही विमानं वरून गेली, तेवढंच. ३१ ऑक्टोबर १९५६ला अमेरिकी नौदलाचं विमान बर्फावर उतरलं तेव्हा कुठे तिथे पुन्हा माणसाचा पाय लागला. पण या खेपेला कारण वेगळं होतं. १९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष ठरलं होतं आणि ध्रुवावर संशोधनाचा तळ उभारायचा होता. तो उभारला, आणि तेव्हापासून ध्रुव एक दिवसही रिकामा राहिलेला नाही. पहिला येण्यासाठी गेलेले एकदा गेले आणि संपलं. मोजमाप घ्यायला गेलेले राहिलेच.

त्याच भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने ब्रिटिशांनी अंटार्क्टिकावर हॅली बे इथे ओझोन मोजायला सुरुवात केली. काम अगदी कंटाळवाणं. यंत्र आकाशाकडे करायचं, आकडा लिहायचा, दुसऱ्या दिवशी तेच. त्यातून कोणाला काही विकायचं नव्हतं, कोणाला हरवायचं नव्हतं. आकड्यांच्या वह्या साचत गेल्या. १९८५ साली जोसेफ फार्मन या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी त्या आकड्यांवरून दाखवून दिलं की तिथल्या वसंतात डोक्यावरचा ओझोन वर्षागणिक झपाट्याने घटतो आहे. दोन वर्षांत ओझोन खाणाऱ्या रसायनांना आळा घालणारा माँट्रियल करार झाला. आज आपल्या सगळ्यांच्या कातडीवर पडणारं ऊन जरा सौम्य आहे, त्यात त्या कंटाळवाण्या वह्यांचा वाटा आहे. १९५७ साली त्यांच्यापैकी कोणी ‘आम्ही ओझोनचं भोक शोधायला चाललो आहोत’ असं सांगितलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. त्यांनी खरं तेच सांगितलं : काय आहे ते मोजायचं आहे.

आणि हरलेल्या स्कॉटचं काय? परतीच्या वाटेवर पाचही जण गेले. नोव्हेंबर १९१२मध्ये शेवटच्या तिघांचा तंबू सापडला तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड होते. बर्फगाडी ओढायचं त्राण उरलं नव्हतं, तरी दगड टाकले नव्हते. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे जीवाश्म निघाले. त्याच झाडाचे जीवाश्म दक्षिण अमेरिका, आफ्रिका, भारत आणि ऑस्ट्रेलियाच्या खडकांत मिळतात. म्हणजे हा बर्फाचा खंड कधीकाळी हिरवागार होता आणि या सगळ्यांना जोडलेला होता. गोंडवन भूखंडाचा एक पुरावा त्या गाडीवर होता. ध्रुवावर पहिलं कोण पोहोचलं हे आज प्रश्नमंजूषेत विचारतात. ते दगड मात्र अजून अभ्यासात आहेत.

आता फायद्याच्या कारणाकडे येतो. त्यावर फार वेळ घालवत नाही. हवामानाचे, दळणवळणाचे, दिशादर्शनाचे उपग्रह हा चालू व्यवहार आहे, त्याला कोणी ‘कशाला’ म्हणून विचारत नाही. चंद्रावर आणि मंगळावर जाण्याच्या समर्थनार्थ जी वस्तूंची यादी फिरते तिच्याबद्दल मी बोलतोय. टेफ्लॉन १९३८ साली एका रासायनिक कंपनीच्या प्रयोगशाळेत अपघाताने सापडलं. वेल्क्रो एका स्विस इंजिनिअरला सुचलं ते कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बियांवरून. दोन्ही गोष्टी नासाच्या जन्माआधीच्या. तुम्ही स्वतः असे दावे केले नसतीलही, पण लोक करतात तेव्हा तुम्ही गालातल्या गालात हसून गप्प बसता, हे मी पाहिलेलं आहे. खरी उदाहरणंही आहेत. मोबाइलच्या कॅमेऱ्यातल्या चिपचं काम १९९०च्या दशकात नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत पुढे सरकलं. पण कॅमेराच हवा असेल तर कॅमेऱ्यावर पैसा लावणं स्वस्त पडेल, हे शाळेतल्या मुलालाही कळतं. जोडफळ हे झाड लावायचं कारण होऊ शकत नाही.

यापेक्षा ‘आधी पोटोबा मग विठोबा’ हा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. अपोलो ११च्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, १५ जुलै १९६९ला, नागरी हक्कांच्या चळवळीचे नेते रेव्हरंड राल्फ अबरनाथी गरीब कुटुंबांना घेऊन, खेचरांच्या गाड्या घेऊन तळाबाहेर आले होते. एका बाजूला जगातला सगळ्यात मोठा अग्निबाण, दुसऱ्या बाजूला खेचरं. नासाचे तेव्हाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला मोकळ्या मैदानात गेले. उद्या बटण दाबलं नाही तर गरिबी हटणार असेल, तर आम्ही बटण दाबणार नाही, असं ते म्हणाले. त्यांनी त्यातल्या काहींना उड्डाण बघायला जागाही दिली. मला पेन यांचं उत्तर पटतं, पण पुरं पटत नाही. अपोलोचा खर्च आटला, त्याने भुकेल्यांची ताटं भरली असं काही दिसलं नाही, हे खरं. तरीही ‘आमचे पैसे वाचवून तुम्हाला मिळणार नव्हतेच’ हे उत्तर गरिबाला देण्यासारखं नाही. त्याला द्यायचं उत्तर एकच असू शकतं : जे कळेल ते तुझंही असेल. हे उत्तर द्यायचं तर तुम्हाला फक्त कळण्यासाठीच जावं लागेल. खाण आणि झेंडा यांच्या नावाने गेलात तर ते तुम्हाला देताच येणार नाही.

कळण्याने काय होतं, याचे दाखले तुमच्याच कपाटात आहेत, म्हणून त्यातले दोनतीनच काढतो.

१९५०च्या दशकात शुक्रावर दमट जंगलं किंवा समुद्र असतील असं मानणारे लोक होते. १९६२च्या डिसेंबरात मरिनर २ जवळून गेलं आणि कळलं की तो भट्टीसारखा तापलेला आहे; पुढे उतरलेल्या रशियन यानांनी साडेचारशे अंशांच्या वरचं तापमान आणि आपल्या नव्वदपट हवेचा दाब मोजला. कार्बन डायऑक्साइडची रजई ओढून घेतलेला ग्रह कसा होतो ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. १९८८ साली पृथ्वीच्या तापमानवाढीबद्दल अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे साक्ष देणाऱ्या जेम्स हॅन्सेन यांनी संशोधनाची सुरुवात शुक्राच्या वातावरणापासूनच केली होती. शेजारचं घर कसं जळालं ते बघून आलेला माणूस आपल्या घरातला धूर लवकर ओळखतो.

दुसरा दाखला श्मिटचा. टॉरस-लिट्रो दरीत शॉर्टी नावाच्या विवराच्या काठावर तो उभा होता. सगळीकडे राखाडी. आणि बुटाखालची माती नारिंगी! कोणत्याही वेळापत्रकात ती नव्हती. माणसाच्या, त्यातही जाणत्या माणसाच्या, डोळ्याला ती दिसली. ते होते प्राचीन ज्वालामुखीतून उडालेले काचेचे बारीक मणी. चंद्र हाडासारखा कोरडा आहे असं नंतरची पस्तीसेक वर्षं सगळे शिकवत होते. २००८ साली सुधारलेल्या उपकरणांनी अपोलोने आणलेले तसले मणी पुन्हा तपासले आणि त्यांच्या आत पाण्याचा अंश सापडला. चंद्राच्या जन्माची गोष्ट पुन्हा उकरावी लागली. त्याच मोहिमेत मातीची एक नळी चंद्रावरच हवाबंद केली होती आणि ती मुद्दाम न उघडता ठेवून दिली होती. ती २०२२मध्ये उघडली. त्या वेळी जे प्रश्न आणि जी यंत्रं नव्हती, त्यांच्यासाठी कोणीतरी पन्नास वर्षं वाट बघायची तयारी ठेवली. शर्यत लावणाऱ्यांच्या त्या मोहिमेत हे शहाणपण कोणी घुसवलं, त्याला माझा दंडवत.

(इथे एक जाता जाता. यंत्रं पुरेशी आहेत, माणूस पाठवायचाच कशाला, असं माझे काही मित्र म्हणतात. ऑपॉर्च्युनिटी ही मंगळावरची गाडी १४ वर्षांत ४५ किलोमीटर चालली, आणि तिचा मला अभिमान आहे. अपोलो १७च्या दोघांनी तीन दिवसांत आपली गाडी ३५ किलोमीटरवर हाकली, शिवाय नारिंगी मातीही बघितली. उंटावरून शेळ्या हाकून बरंच काम होतं, सगळं होत नाही. तेव्हा माणसाने जाऊ नये असं माझं म्हणणं नाही.)

तिसरा दाखला असा की तो ऐकून तुम्हीच मला विचाराल, मग तक्रार कशाची? लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी इटलीतल्या एका चिकणमातीच्या थरात इरिडियम मोजलं. तो थर साचायला किती काळ लागला एवढंच त्यांना बघायचं होतं. इरिडियम निघालं भलतंच जास्त. हा धातू पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ, लघुग्रहांत मात्र बराच. १९८० साली त्यांनी मांडलं की ६.६ कोटी वर्षांपूर्वी एक मोठा लघुग्रह आदळला आणि डायनासोर गेले. १९९४च्या जुलैमध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळताना आपण दुर्बिणीतून पाहिले. पृथ्वीएवढाले काळे डाग कित्येक दिवस दिसत होते, मी स्वतः पाहिलेत. आणि २६ सप्टेंबर २०२२ रोजी तुम्ही डार्ट हे यान दीडेकशे मीटरच्या डायमॉर्फॉस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलंत. त्याची आपल्या जोडीदाराभोवतीची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती ३२ मिनिटांनी कमी झाली. कुठल्याही प्राण्याने आकाशातल्या दगडाची वाट पहिल्यांदाच बदलली. मातीच्या थरापासून इथवर ४२ वर्षं.

मानवजात वाचवणं म्हणतात ते हे. आणि नेमकं इथेच तुमचा हात आखडतो. १४० मीटरहून मोठे, पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह ९० टक्के शोधून काढा असं अमेरिकी संसदेने २००५ साली सांगितलं, मुदत दिली २०२०ची. मुदत कधीच उलटली. अजून निम्मेही सापडलेले नाहीत. १५ फेब्रुवारी २०१३ला रशियातल्या चेल्याबिन्स्क शहरावर साधारण २० मीटरचा दगड फुटला, मुख्यतः फुटलेल्या काचांनी सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली. तो सूर्याच्या दिशेने आला होता, म्हणून कोणाच्याच दुर्बिणीत आला नाही. या दिशेवर नजर ठेवायला अवकाशातच एक अवरक्त दुर्बीण हवी, हे सगळ्यांना माहीत होतं. ती अजून बांधली जाते आहे. मानवजात वाचवायची म्हणून मंगळावर शहर वसवण्याची चित्रं काढणाऱ्यांनी आधी ही दुर्बीण का नाही उडवली, हा प्रश्न मला तुम्हाला विचारायचा आहे.

दुसऱ्या घराची गोष्ट आता करतो. डायनासोर गेले त्या दिवशीसुद्धा, आग आणि अंधार असतानाही, पृथ्वीवर श्वास घेता येत होता. मगरी वाचल्या, कासवं वाचली, पक्ष्यांचे पूर्वज वाचले, उंदराएवढे आपले पूर्वजही वाचले. कोणाच्याच अंगावर अवकाशपोशाख नव्हता. मंगळावर सगळ्यात चांगल्या दिवशीही हवेचा दाब आपल्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास असतो, आणि त्या विरळ हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास, मातीत परक्लोरेटची विषारी क्षारं, किरणोत्सर्ग अडवणारं ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र नाही. पृथ्वीचं आपण कितीही वाटोळं केलं तरी ती मंगळाइतकी वाईट करणं आपल्याला जमेल असं वाटत नाही. सूर्य तापत जाऊन पृथ्वी राहण्याजोगी उरणार नाही, हे खरं आहे. त्याला अंदाजे शंभर कोटी वर्षं आहेत. तेव्हा घाईचं कारण देऊ नका.

१९११ साली रॉकेटविद्येचा पाया घालणाऱ्या रशियाच्या त्सिओलकोव्स्कींनी एका पत्रात लिहिलं होतं की पृथ्वी हा बुद्धीचा पाळणा आहे, पण पाळण्यात कोणी कायम राहत नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या भाषणात हे वाक्य येतं. बरोबर आहे. पण पाळणा सोडणारं मूल घर सोडत नाही. आधी घरभर रांगतं.

वस्तीला माझा विरोध नाही. वस्तीच्या नावाखाली जे टाळलं जातंय त्याला आहे. माणूस शून्य गुरुत्वात वर्षाहून जास्त राहिला आहे. वालेरी पोल्याकोव्ह सलग ४३७ दिवस राहिले. पृथ्वीच्या एकपट गुरुत्वात आपण सगळे राहतोच. या दोन टोकांच्या मधल्या गुरुत्वात माणसाचा सगळ्यात मोठा मुक्काम किती? अपोलो १७चा : ७५ तास. मंगळाचं गुरुत्व आपल्या ३८ टक्के. तिथे हाडं टिकतील का, डोळे टिकतील का, गर्भ नीट वाढेल का, यांतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कोणाकडेही नाही. अवकाशस्थानकावर हेच तपासण्यासाठी एक मोठं फिरतं यंत्र बसवायचं ठरलं होतं, सेंट्रिफ्यूज असलेला एक अख्खा कक्ष. २००५ साली तो रद्द झाला. अर्धवट बांधलेलं धूड जपानमध्ये त्सुकुबाच्या अवकाश केंद्रात उघड्यावर शोभेला ठेवलंय. छोट्या यंत्रांत उंदरांवर थोडे प्रयोग झाले, तेवढ्यावर भागवलं. ज्यांना खरोखर वस्ती करायची आहे ते लोक हा कक्ष रद्द होऊ देतील का?

हवापाण्याचंही तेच. १९९१ साली अ‍ॅरिझोनात बायोस्फिअर २ नावाच्या बंद काचघरात आठ माणसं दोन वर्षांसाठी शिरली. शेत, झाडं, छोटा समुद्र, सगळं आत. सोळा महिन्यांत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १४ टक्क्यांच्या घरात आला. मातीतले जीवाणू तो खात होते आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड इमारतीचं काँक्रीट शोषत होतं. ही गोष्ट आधी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. शेवटी बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. लोकांनी त्या प्रयोगाची टर उडवली. मला तो आजवरचा सगळ्यात उपयोगी प्रयोग वाटतो, कारण तो फसला तेव्हा दार बाहेर उघडत होतं. असे प्रयोग दहा तरी व्हायला हवे होते.

आणि मुलांचं काय? मोठा माणूस स्वतःच्या जबाबदारीवर जाईल, धोका पत्करेल, त्याला अडवणारा मी कोण? पण वस्ती म्हणजे मोठ्या माणसांची सहल नव्हे, वस्ती म्हणजे तिथे जन्मणारी मुलं. ३८ टक्के गुरुत्वात वाढलेल्या मुलाला पृथ्वीवर उभं तरी राहता येईल का, आपल्याला माहीत नाही. ज्याला परत यायचा रस्ताच नसेल असं मूल जन्माला घालायचा निर्णय कोणत्या बैठकीत, कोण घेणार आहे? तुमच्या आराखड्यांत इंधनाच्या टाकीवर चाळीस पानं असतात. या प्रश्नावर मला अजून एक ओळही दिसलेली नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहावंसं वाटलं ती सांगतो. १५ सप्टेंबर २०१७. कॅसिनी यान, उड्डाणाला वीस वर्षं होत आलेली, शनीभोवती तेरा वर्षं फिरलेलं. इंधन संपत आलं होतं. ते तसंच सोडून दिलं असतं तर कधीतरी एन्सेलॅडस या बर्फाळ चंद्रावर आदळण्याची शक्यता होती. त्या चंद्राच्या दक्षिण टोकाकडून पाण्याचे फवारे उडतात हे कॅसिनीनेच दाखवलं होतं. बर्फाखाली समुद्र आहे, तिथे कदाचित जीव असेल. यानावर पृथ्वीवरचे चार जंतू चिकटून राहिले असले तर तो समुद्र कायमचा विटाळला असता, आणि ‘तिथे जीव आहे का’ हा प्रश्नच नासला असता. म्हणून तुम्ही ते यान शनीच्या वातावरणात बुडवून जाळलंत. त्याआधी २००३ साली गुरूच्या युरोपा या चंद्रासाठी गॅलिलिओ यानाचं तेच केलं होतंत. एक प्रश्न स्वच्छ राहावा म्हणून आपल्या हाताने बांधलेलं यंत्र जाळणारी माणसं मी आणखी कुठल्या धंद्यात पाहिलेली नाहीत. भाषणांत सांगत नसाल, पण खरं कारण तुम्ही त्या दिवशी सांगून गेलात.

आणि आता मंगळावर माणसांचे जथे उतरवायच्या तारखा जाहीर होतात. यान तापवून, पुसून निर्जंतुक करता येतं. माणूस येत नाही. आपल्या प्रत्येकाच्या पोटात अब्जावधी जंतू राहतात. पहिली गळकी झडप, पहिला फाटलेला पोशाख, आणि मंगळावर मग काहीही जिवंत सापडलं तरी ते आपलं की त्याचं, हे ठरवत बसावं लागेल. १९६७च्या अवकाश कराराच्या नवव्या कलमात असं दूषित करणं टाळायची जबाबदारी सह्या करणाऱ्या देशांनी घेतलेली आहे. कंपन्यांच्या मालकांसाठी सांगतो, खासगी उद्योगाला परवानगी देणं आणि त्यावर देखरेख ठेवणं हेही त्याच करारात देशांच्या गळ्यात आहे.

माझ्या मागण्या फार नाहीत. मोहीम जाहीर कराल तेव्हा पहिल्या ओळीत लिहा : ही अभ्यासाची, ही भेटीची, की ही वस्तीची. तिन्हींची सरमिसळ करून एकीच्या पुण्याईवर दुसरीचे पैसे मागू नका. लघुग्रहांची राहिलेली मोजणी आधी पुरी करा. त्याला नवा शोध लागत नाही, फक्त चिकाटी लागते. मंगळावर जीव आहे की नव्हता, याचं उत्तर यंत्रांकडून जितकं मिळेल तितकं मिळेपर्यंत, जिथे पाणी असण्याची शक्यता आहे अशा जागांपासून माणसाला दूर ठेवा. आणि ज्यांना वस्तीबद्दल बोलायचंच आहे त्यांनी त्सुकुबाच्या त्या धुळीत पडलेल्या कक्षासारखा दुसरा बांधून उडवावा, उंदरांच्या चार पिढ्या ३८ टक्के गुरुत्वात वाढवून दाखवाव्यात. मग बोलू.

उत्तराची घाई नाही. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीपासून जेमतेम ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, तुमच्या काही उपग्रहांपेक्षाही जवळून. जगाच्या बऱ्याच भागांतून तो नुसत्या डोळ्यांनी दिसेल. त्या रात्री मी गच्चीवर असेन. तोपर्यंत उत्तर आलं तरी चालेल.

आपला,
दुर्बिणीमागचा एक माणूस